आमच्या चाळीतला आपटा

माझ्या वडिलांना फसवणं कुणाच्या बापाला जमलं नाही. मे महिन्यात आंब्याची पेटी घरी आली की ते पेंढा बाजूला सारून एक फळ उचलायचे, देठाशी नाक लावायचे, आणि आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत बसायचो. ‘हापूस’ म्हणाले की सुटलो. नाहीतर पेटी जशीच्या तशी दुकानात परत. फणस कापा आहे की बरका, हे ते वरून थापटून सांगत. मासळीबाजारात त्यांना लांबून येताना बघितलं की कोळिणी टोपलीवर ओलं फडकं ओढून घेत. गिरणीत त्यांचं कामच तसं होतं. विणून आलेलं कापड टेबलावरून सरकवत न्यायचं आणि कुठं धागा तुटला, कुठं दुसऱ्याच सुताचा दोरा शिरला ते हुडकायचं. संध्याकाळी घरी आले तरी डोळ्यांना तीच सवय. आई वैतागून म्हणायची, ‘आता माका पण एकदा तपासून घेवा, खरी आसंय काय ती.’

दसऱ्याच्या आदल्या दिवशी ते मला दादरच्या फुलबाजारात घेऊन जात. रस्त्यावर पानांचे ढीग लागलेले असत आणि ढिगांमागं बसलेल्या बाया ‘सोनं घ्या, सोनं’ म्हणून घसा फोडत. त्यातलं निम्मं सोनं खोटं. दसऱ्याला वाटायचं ते आपट्याचं पान. पण मुंबईला पुरेल एवढा आपटा आणायचा कुठून? म्हणून कांचनाच्या डहाळ्या तोडून आणतात. कांचनाचं पानही तसंच, मधे चीर पडलेलं, दोन पानं जोडल्यासारखं. घाईतल्या माणसाला कळत नाही आणि कळलं तरी तो चालवून घेतो. बाबा चालवून घेत नसत. त्यांनी मला त्या गर्दीत उभं करून शिकवलं होतं, की आपट्याचं पान लहान, जाड, हाताला खरखरीत, आणि उंचीपेक्षा रुंद. कांचनाचं मोठं, पातळ, मऊ. फूल आलं तर मग आंधळासुद्धा सांगेल. आपट्याचं बारीक, पांढुरकं, असून नसल्यासारखं. कांचनाचं तळहाताएवढं, गुलाबी जांभळं. बाबा ढिगातून एकेक डहाळी उचलून ‘ह्यो न्हय, ह्यो न्हय’ करत पुढं जात आणि त्या बाया आम्हांला शिव्या घालत.

आम्ही राहायचो नायगावला, चाळीत दुसऱ्या मजल्यावर. बाबा, आई, दादा आणि मी. दादा माझ्याहून बराच मोठा. तो कॉलेजात जायला लागला तेव्हा मी पाढे पाठ करत होते. तो एकदा मे महिन्यात एकटाच गावाला गेला आणि परत आला तो हातात वनस्पती तुपाचा रिकामा डबा घेऊन. डब्यात माती, मातीत वीतभर रोप. घरात पाऊल टाकायच्या आधी दारातूनच म्हणाला, ‘बाबा, आपटा आणलाय. आता दादरला जाऊन भांडायला नको.’

बाबांनी चष्मा लावला. डबा खिडकीशी नेला. पान उलटं केलं, सुलटं केलं, कडेवरून बोट फिरवलं. दादा हसत उभा होता, पण त्याचंही सगळं लक्ष बाबांकडे होतं. बाबांची पसंती मिळणं ही आमच्या घरात मोठी गोष्ट होती. शेवटी ते म्हणाले, ‘खरो आसा.’ दादाचा चेहरा असा फुलला की विचारू नका. आईनं डब्यात तांब्याभर पाणी घातलं आणि म्हणाली, ‘माझ्या मायेराक परड्यात असोच होतो. आमी पोरां दसऱ्याक ओरबाडून काढू.’

जूनमध्ये दादानं ते रोप चाळीच्या आवारात, नळाच्या पलीकडच्या कोपऱ्यात लावलं. भोवती विटांचं कडं केलं. क्रिकेट खेळणाऱ्या पोरांना दम भरला. रोज सकाळी आंघोळीआधी एक कळशी तिथं ओतायची हे त्याचं ठरलेलं काम. चाळीत पाणी भरायला किती मारामार, आणि हा झाडाला कळशी ओततो म्हणून तळमजल्यावरच्या काकूंनी त्याला पहिल्या दिवशी झापलं होतं. दसरा आला तोवर रोपाला मोजकीच पानं होती. दादानं त्यातलं एकच तोडलं आणि बाबांच्या हातावर ठेवलं.

पुढच्या फाल्गुनात दादा गेला. कावीळ झाली. आधी घरचं औषध, मग गावठी, मग इस्पितळ, आणि इस्पितळात पोचेपर्यंत फार उशीर झाला होता. त्याला दादरच्या चौपाटीवरच्या स्मशानात नेलं तेव्हा मला घरीच ठेवलं होतं. मला आठवतंय ते एवढंच की सगळे परत आले तेव्हा बाबांच्या चपला ओल्या होत्या आणि त्यात वाळू होती. आई ती वाळू पुसायला खाली बसली आणि तिथंच बसून राहिली. त्या दिवसाबद्दल मला आजही नीट लिहिता येत नाही.

दिवसकार्य झाल्यावर मामा आईला माहेरी घेऊन गेला, तिच्याबरोबर मलाही. बाबांना रजा नव्हती. ते एकटेच मागं राहिले. आम्ही जूनमध्ये शाळा उघडायच्या वेळेला परत आलो. चाळीच्या आवारात शिरल्यावर आईनं आधी कोपऱ्याकडे बघितलं. रोप होतं. चांगलं हिरवं होतं, पानं तजेलदार. बाबा वर गॅलरीत उभे होते. आई रोपाजवळ गेली, जरा वेळ उभी राहिली, मग वर आली आणि पदर खोचून कामाला लागली. दुसऱ्या दिवसापासून कळशी ती ओतायला लागली.

झाडानं अंग धरलं. दोन वर्षांत ते तळमजल्याच्या खिडकीच्या वर गेलं. आणि एका हिवाळ्यात त्याला फुलं आली. सकाळी शाळेला निघाले तर कोपऱ्यात माणसांची ही गर्दी. तळहाताएवढी, गुलाबी जांभळी फुलं. कोकणातली, घाटावरची, सगळीकडची माणसं आमच्या चाळीत होती. त्यांतल्या बहुतेकांना आपटा ठाऊक होता. कुणी काही बोललं नाही. बाबाही तिथंच उभे होते. मीच मोठ्यानं विचारलं, ‘बाबा, आपट्याची फुलं पांढरी ना?’

बाबा म्हणाले, ‘मुंबयचा पाणी गो. हयसर आपट्याक अशीच फुलां येतत.’

मी तो खुलासा निमूट घेतला. बाबा म्हणाले म्हणजे संपलं. चाळीनंही तो घेतला, फक्त तो का घेतला हे मला तेव्हा कळलं नाही. त्या वर्षापासून आमच्या चाळीत दसऱ्याला कुणी दादरहून पानं आणली नाहीत. बाबा स्टुलावर चढून लागेल तेवढीच डहाळी काढायचे आणि एकेका खोलीत स्वतः नेऊन द्यायचे. माणसं दोन्ही हातांनी ते सोनं घ्यायची. एरवी पाण्यावरून एकमेकांच्या झिंज्या उपटणारी माणसं, पण त्या पानांवरून कधी कुणी डोळा मारला नाही की ओठ मुडपले नाहीत. ‘आपट्याखाली भेट’, ‘आपट्यापाशी स्कूटर लाव’, असा तो आमचा पत्ताच होऊन गेला. पहिलं पान मात्र दादाच्या फोटोपुढं. ते आई ठेवायची. ‘घे रे बाबा, तुझ्या झाडाचा सोना,’ म्हणायची, आणि बाबा त्या वेळी नेमके गॅलरीत जाऊन उभे राहायचे.

एक गोष्ट इथं सांगायला हवी, कारण पुढं तिचं काम पडणार आहे. त्याच पहिल्या बहरातली. दुपारची वेळ, बाबा कामावर, आणि मी शाळेतून लवकर आलेली. आई कोपऱ्यात झाडाखाली उभी होती आणि कळ्या खुडून ओच्यात टाकत होती. फुललेल्या नाही, मिटलेल्या, कोवळ्या. मला बघून दचकली. मग म्हणाली, ‘कवळ्यो आसत. वाया कित्याक घालवच्यो?’ घरी आणून तिनं त्या उकडून पिळल्या आणि कांदा, मिरची, ओलं खोबरं घालून भाजी केली. रात्री बाबांच्या ताटात वाढली. बाबांनी घास घेतला आणि विचारलं, ‘कसली गो? जराशी कडू लागता.’

‘शेवग्याची फुलां,’ आई म्हणाली.

मी तोंड उघडणार तोच तिनं ताटाआडून माझ्या मांडीला चिमटा काढला. नंतर मोरीत भांडी घासताना म्हणाली, ‘बाबांका सांगू नको हां झाडाच्या कळयो काढलंय म्हणान.’ मला वाटलं, बाबा त्या झाडाचं पान तोडू देत नाहीत, कळ्या तोडलेल्या कळल्या तर चिडतील. मी सांगितलं नाही. त्यानंतर तिनं ती भाजी कधीच केली नाही आणि मीही ती विसरून गेले.

कॉलेजात वनस्पतिशास्त्र घेतलं तेव्हा माझ्यावर आभाळ कोसळलं असं नाही म्हणता येणार. वाळवलेल्या फांद्या कागदावर चिकटवायच्या तासाला बाईंनी दोन फांद्या शेजारी शेजारी ठेवल्या, आपटा आणि कांचन, आणि मी त्या कांचनाकडे बघत बसले. ते आमचं झाड होतं. माझ्या मनात पहिला विचार आला तो दादाचा. बिचाऱ्या दादाला ओळखता आलं नव्हतं. कुठल्या तरी कांचनाखालचं रोप उपटून तो एवढ्या हौसेनं घेऊन आला होता. मग बाबांचं ते ‘खरो आसा’ आठवलं. आयुष्यात कधी न चुकलेला माणूस त्या एकाच दिवशी चुकला, कारण रोप मुलाच्या हातात होतं. आणि पुढं फुलं आली तेव्हा चूक कळूनही ती चूक म्हणायची सोय राहिली नव्हती. जिवंत मुलाला सांगता येतं, ‘मेल्या, ह्यो आपटो न्हय,’ आणि तो हसतो. गेलेल्याला कसं सांगणार? मी असा सगळा हिशेब लावून टाकला आणि कुणाला काही बोलले नाही. घरातले दोघं आणि चाळीतले सगळे मिळून दादाची चूक झाकताहेत, तर मीही झाकायची. इतकी वर्षं मी हेच धरून चालले.

पुढं मी परळच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला लागले. लग्न करून लालबागला गेले. सजीवांचं वर्गीकरण हा धडा मी किती वेळा शिकवला असेल देव जाणे. पोरं दरवेळी त्याच जागी अडतात. वटवाघूळ उडतं तरी पक्षी नाही म्हटलं की वर्गात गोंधळ. देवमासा मासा नाही म्हटलं तर एखादा मुलगा सरळ माझ्या तोंडावर ‘खोटं आहे’ म्हणतो. मी त्यांना सांगते, रूपावर जायचं नाही. राहतो कुठं, खातो काय, लोक त्याला काय म्हणतात, यावर काही ठरत नाही. आत काय आहे आणि कुणापासून झालं आहे ते बघायचं.

एकदा एका मुलीनं विचारलं, ‘टीचर, कोकिळेचं पिल्लू कावळ्याच्या घरट्यात वाढतं ना? कावळीणच त्याला भरवते. मग ते कावळा का नाही?’

मी म्हटलं, ‘कुणीही भरवलं तरी ते कोकिळाच.’

‘मग कावळिणीला कळत नाही?’

‘नाही कळत,’ मी म्हटलं. ‘कळलं असतं तर तिनं भरवलं असतं का?’

वर्ग हसला. मला माझ्या उत्तराचं जरा कौतुकच वाटलं होतं.

आई गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. शेवटपर्यंत, गुडघे गेले तरी, कठड्याला धरून एकेक पायरी उतरत ती कोपऱ्यात पाणी घालायला जायची. झाड एवढं मोठं झालं होतं की त्याला कुणाच्या कळशीची गरज नव्हती. मी रागावायचे तिला. ‘अगं, ते काय आता तान्हं बाळ आहे?’ ती हसायची आणि जायची. तिच्यानंतर बाबा एकटेच खोलीत राहिले. मी शाळा सुटली की नायगावला जायचे, त्यांचं रात्रीचं जेवण करून ठेवायचे आणि लालबागला परतायचे. संध्याकाळी ते झाडाखाली प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेले असत. आजूबाजूच्या चाळी एकेक करून पडत होत्या. पलीकडे टॉवर उभे राहत होते. आमची पाळी येणार हे सगळ्यांना माहीत होतं.

पाळी आली ती हिवाळ्यात. चाळ पाडण्याआधी आवारातली झाडं मोजायला दोन माणसं आली, एक मुलगा आणि एक मुलगी. मुलगी तरुण होती, हातात फोन आणि गळ्यात टेप. बुंध्याभोवती टेप गुंडाळायची, मग झाडाचं नाव मोठ्यानं सांगायची, मुलगा ते फोनमध्ये टाकायचा आणि पत्र्याची छोटी चकती ठोकायचा. रविवार होता, मीही तिथंच होते. चाळीतली बरीच माणसं जमली होती. वड झाला, नारळ झाला, अशोक झाला. मग ती आमच्या कोपऱ्यात आली. झाड फुलांनी भरलं होतं. बाबा त्याच्याखालीच खुर्चीत बसले होते.

‘कांचन,’ ती म्हणाली.

एवढ्या वर्षांत तो शब्द त्या आवारात कुणी उच्चारला नव्हता. तळमजल्यावरच्या काकू पुढं झाल्या. आता त्याही म्हाताऱ्या झालेल्या, पण आवाज तोच. ‘कांचन नाही गं, आपटा म्हण.’

‘आजी, आपटा नाहीये हा. फुलं बघा ना.’

काकूंनी तिला हाताला धरून जरा बाजूला घेतलं. कुजबुजल्या असं त्यांना वाटलं असेल, पण काकूंची कुजबूज तिसऱ्या मजल्यावर ऐकू जाते. ‘अगं पोरी, यांच्या मुलानं गावाहून आणलेलं झाड आहे ते. गेला तो मुलगा. पोरगंच होतं, त्याला काय कळतंय आपटा नि कांचन? प्रेमानं आणलं, म्हणून आम्ही पण आपटाच म्हणतो. तू पण टाक ना आपटा, तुझं काय जातंय?’

‘तेका कळत होता!’

बाबा काठीवर भार टाकून उभे राहिले होते. त्यांचा असा आवाज मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. ते त्या मुलीला म्हणाले, ‘बाय, तू बरोबर सांगतस. कांचनच आसा. पण माझ्या झिलाक आपटो कळत होतो. तेची चूक नाय.’ एवढं बोलून ते जिन्याकडे वळले. काकू कावऱ्याबावऱ्या होऊन माझ्याकडे बघायला लागल्या. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि बाबांच्या मागं गेले.

वर खोलीत बाबा खाटेवर बसले. मी पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं नाही. मग ते बोलायला लागले, माझ्याकडे न बघता, दादाच्या फोटोकडेही न बघता.

आम्ही दोघी गावाला गेलो त्यानंतरची गोष्ट. रोपाला पाणी घालायचं काम बाबांवर होतं. पहिल्या दिवशी ते कळशी घेऊन उतरले. विटांच्या कड्यापर्यंत गेले. त्या विटा दादानं रचलेल्या. तिथून पुढं त्यांचा पाय उचलेना. कळशी नळाशी रिकामी करून ते वर आले. दुसऱ्या दिवशी तेच. मग त्यांनी त्या कोपऱ्याकडे बघणंच सोडलं. कामावर जाताना मान दुसरीकडे वळवून जायचे. एप्रिल गेला. मे महिन्यात चाळ रिकामी झाली, सगळे आपापल्या गावाला. आई परत यायचे दिवस जवळ आले तेव्हा त्यांनी धीर करून बघितलं, तर तिथं एक काडी उभी होती.

‘त्या काडयेक मी चार दिवस पाणी घातलंय,’ बाबा म्हणाले.

मग ते दुसरा आपटा शोधत हिंडले. या बागेत, त्या बागेत. मुंबईत उन्हाळ्यात आपट्याचं रोप कोण देणार? परळच्या एका बागेतल्या माळ्यानं त्यांना कांचनाचं रोप दिलं. त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं, की हा आपटा नाही. बाबा म्हणाले, पान तसंच दिसतं ना, दे. हापूसमध्ये एक पायरी निघाली म्हणून पेटी परत करणारा माणूस. त्यांनी ते रोप पिशवीत घालून आणलं, भर दुपारी रिकाम्या आवारात काडी उपटली, त्याच खड्ड्यात ते लावलं आणि दादाच्या विटा होत्या तशा परत रचल्या. वाळलेली काडी त्यांनी कागदात गुंडाळली आणि दादरच्या चौपाटीवर नेऊन पाण्यात सोडली, फाल्गुनात दादाला नेलं तेव्हा जिथं उभे होते तिथंच.

‘तेणां आणलेलो आपटोच होतो,’ बाबा म्हणाले. ‘मी बगलेलो. खरो होतो. माझ्या हातसून मेलो तो. आणि लोक समाजले, झिलाक कळूक नाय.’

मी त्यांच्या शेजारी बसले. किती वर्षं हा माणूस फुलं आली की चाळीची ती माया बघत होता, ती गप्प माणसं, दोन्ही हातांनी पान घेणारी, आणि प्रत्येक पानामागं त्याला ऐकू येत होतं की तुमच्या पोराला ओळखता आलं नाही हो. आणि त्या माणसांत त्याची लेकही होती, कॉलेजात शिकून आलेली. मला दादाची फार आठवण आली. खिडकीपाशी उभा राहून हसणारा दादा. तो बरोबर होता.

बाबांनी डोळे पुसले आणि म्हणाले, ‘तुझ्या आवशीक कळूक नाय, एवढाच काय ता समाधान. तिका तेचाच झाड वाटला. तेच्यार ती जगली.’

तेव्हा मला ती भाजी आठवली.

आपट्याच्या कळ्यांची भाजी कुणी करत नाही. कांचनाच्या करतात. परसात आपटा असलेल्या घरात वाढलेली बाई ओच्यात कोवळ्या कळ्या खुडत होती, आपण काय खुडतो आहोत हे तिला पुरतं ठाऊक होतं. ‘शेवग्याची फुलां’ हे तिनं कशासाठी सांगितलं आणि मला चिमटा कशासाठी काढला, ते मला त्या खाटेवर बसल्याबसल्या समजलं. ती जूनमध्ये परत आली आणि कोपऱ्यात जरा वेळ उभी राहिली, तेव्हाच तिनं ओळखलं असणार. दादाच्या रोपाला तिनं स्वतः तांब्यानं पाणी घातलं होतं, माहेरचा आपटा आठवून. ते नाही, हे दुसरं आहे. गॅलरीत नवरा उभा आहे. ती वर आली आणि दुसऱ्या दिवसापासून त्या परक्या झाडाला पाणी घालायला लागली, ते गुडघे जाईपर्यंत. दरवर्षी पहिलं पान फोटोपुढं ठेवून ‘तुझ्या झाडाचा सोना’ म्हणत राहिली, आणि ते फोटोतल्या मुलाला उद्देशून नव्हतं, गॅलरीत जाऊन उभ्या राहणाऱ्या माणसाला ऐकू जावं म्हणून होतं. कळूनही भरवत राहतात, हे माझ्या धड्यात नव्हतं.

माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी बाबांकडे बघितलं. ते खाटेच्या कडेवर बसून हाताच्या बोटांनी चादरीची किनार चाचपत होते, गिरणीत कापड चाचपावं तशी. मी पाण्याचा पेला परत पुढं केला. या वेळी त्यांनी घेतला.

चाळ रिकामी झाली. काही झाडं उचलून दुसरीकडे लावणार असं म्हणत होते, पण आमच्या झाडाचा बुंधा आतून पोखरला होता, ते तिथंच तोडलं. मी बाबांना त्या दिवशी मुद्दाम माझ्या घरी ठेवून घेतलं. नवी इमारत होईपर्यंत त्यांना डिलाईल रोडला भाड्याची खोली मिळाली. तिथं भिंतीवर दोन फोटो लावले, दादाचा आणि आईचा.

त्या वर्षीच्या दसऱ्याला त्यांनी मला सांगितलं, ‘खरो आण हां.’ मी दादरला गेले. एकेका ढिगापाशी थांबून पान उलटंसुलटं करत, ‘हे नको’ म्हणत, बायांच्या शिव्या खात हिंडले. एका म्हातारीकडे मिळालं. लहान, जाड, खरखरीत.

बाबांनी चष्मा लावला आणि खिडकीशी जाऊन पान बघितलं. कडेवरून बोट फिरवलं. एक पान त्यांनी दादाच्या फोटोपुढं ठेवलं आणि तिथं बराच वेळ उभे राहिले. काही तरी बोलले, ते मला ऐकू आलं नाही. दुसरं पान घेऊन ते आईच्या फोटोकडे वळले आणि थांबले. मग माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, पोरानं विचारावं तसं, ‘तिका खराच कळूक नसात, नाय गो?’

शाळेत इतकी वर्षं मी एकाही मुलाला जाणूनबुजून खोटं उत्तर दिलेलं नाही.

‘नाय बाबा,’ मी म्हटलं. ‘आईक कधीच कळूक नाय.’

त्यांनी मान हलवली आणि ते पान आईपुढं ठेवलं.